टॉसच्या आधी मामा येणार होते

४ जानेवारी, रविवार

किकवीचं हॉटेल सोडलं. मालक वाईट नव्हता. पण हायवेच्या कडेला उभं राहून गाड्यांना आत बोलवायचं, दिवसभर हात हलवायचा, आणि गाड्या बघतही नाहीत. आज हात हलवताना एक टेम्पो खरंच थांबला. तो जेवायला नव्हता थांबला, नसरापूरचा रस्ता विचारायला थांबला. म्हटलं चल, दाखवतोच. बसलो. पिशवी तिथंच राहिली.

नसरापूरवरून वेल्ह्याची एसटी. मामांच्या जांभूळवाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तोरणा असा डोक्यावर, वाटतं हात वर केला की लागेल.

मामी अंगणात वाल निवडत होती. "आलास व्हय. किती दिस?"
"बघू."
"म्हंजी दोन."

विक्या भेटला. मामांचा पोरगा, माझ्याहून वर्षानं मोठा, वाडीच्या टीमचा कॅप्टन. मला बघून पहिलं माझा हात धरला, उजवा, बोटं दाबून बघितली. बैल घेताना बघतात तशी. म्हणाला, "देव पावला. रविवारी माळवाडीसंग मॅच हाय. बॉलर न्हाई आपल्याकं."

५ जाने., सोम.

ग्राउंड बघितलं. भाताचं खाचर आहे, कापणी झालेलं. धसकटं उपटून, पाणी मारून, मधे रोलर फिरवलाय. वरच्या बाजूला बांधापलीकडं दुसरं खाचर, तिथं बॉल गेला की सिक्स. खालच्या बाजूच्या खाचरात हरभरा पेरलाय, त्या मालकानं सांगितलंय, पोरं आत उतरली तर स्टंपा चुलीत घालीन. म्हणून नियम : खालच्या खाचरात डायरेक्ट गेला तर आऊट. असा नियम मी कुठं बघितला नाही. लई आवडला.

दु. बॉल टाकले. टेनिस बॉल, त्यामुळं जोरात टाकून उपयोग नाही, उलटा लांब जातो. मी हात सगळा जोरात आणतो आणि शेवटी बोटं बॉलवरून घसरवतो. बॅटवाल्याची बॅट फिरून जाते, बॉल मागनं येतो. हे कोणी शिकवलं नाही. हिर्डोशीला घराच्या भिंतीवर टाकून टाकून आलंय. आमच्या गावच्या टीमनं मला काढला तो बॉलिंगमुळं नाही. प्रॅक्टिसला येत नाही म्हणून.

विक्या म्हणाला, "ह्यो रविवारपातूर पळाला न्हाई तर कप आपला."

६ जाने., मंगळ.

नियम कळला नीट. 'एक गाव एक संघ' आहे. बाहेरचा घ्यायचा नाही. पण भाचा चालतो. जावई चालत नाही, त्यावरून मागं कुठं तरी मारामारी झाली म्हणे. भाच्याचं असं की टॉसच्या आधी मामानं स्वतः मैदानात यायचं, सगळ्यांसमोर भाच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ह्यो माझा. मग त्यानं खेळायचं. मग त्याला त्या गावचा धरतात. नुसता त्या दिवसापुरता नाही. शेजारच्या एका वाडीत एक मेकॅनिक आहे, भाचा म्हणून खेळायला आला तो तिथंच राहिला, घर बांधलं, आता देवाच्या पालखीला खांदा देतो.

मी विचारलं, "मामांना बोललास का?"
वि. म्हणाला, "नाव मी देतो. तू बॉल टाक."

७ जाने., बुध.

वेल्ह्याला बॉल आणायला पाठवलं. बाजारात पाच जण भेटले पुण्याचे, तोरण्याची वाट विचारत होते. वाट सांगता सांगता बरोबर चढलो. अर्ध्यात परत येणार होतो. त्यातल्या एकाला दम लागला, मग त्याची बॅग घेतली, मग कसं परत येणार. वरनं सगळं दिसतं, धरणाचं पाणी, खाचरं, आमचं ग्राउंडही दिसलं, पोरं मुंग्यांएवढी. बॉलची वाट बघत असतील.

सं. परत. बॉल विसरलो. दुकानं बंद. मामा ओट्यावर होते, एवढंच म्हणाले, "पायाला भिंगरी हाय तुझ्या."

८ जाने., गुरु.

आज जेवताना मामा स्वतःहून बोलले. सकाळचा दुधाचा टेम्पो वेल्ह्याला तू नेत जा, विक्याला झेपत नाही. हितंच ऱ्हा. वरची खोली मोकळी हाय.

मी घास तोंडात घेऊन बसलो. असं मला कोणी म्हटलं नव्हतं. हिर्डोशीला थोरल्याचं लग्न झालं, घर दोन खोल्यांचं, मी गेलो की वहिनी अंथरूण कुठं घालायचं ते बघत राहते. ती वाईट नाही. जागाच नाही.

मग मीच विचारलं, "मामा, रवारी तुमी येणार ना मैदानात?"
"येणार की. मला हार घालणार हायेत."
"तसं न्हाई. टॉसच्या आधी."
मामांनी भाकरी मोडली. "येतो म्हनलं ना."

मामीनं ताटात वरण वाढलं, मागितलं नव्हतं तरी.

१० जाने., शनि.

टेम्पो नेला दोन दिवस. सकाळी थंडी अशी की स्टेअरिंग धरवत नाही. कुठं थांबलो नाही. (एकदा थांबलो, रानडुक्कर आडवं गेलं. ते धरत नाही.)

वरच्या खोलीत खिळा ठोकला, शर्ट अडकवायला. पहिलाच माझा खिळा.

टी-शर्ट आले. निळे, मागं नाव. मला सुन्याचा दिला. सुनील, ह्याच वाडीचा, शिरवळला कंपनीत आहे, सुट्टी मिळत नाही. वि. म्हणाला, तुझ्या नावाचा छापायला येळ न्हवता, ह्यो घाल. काखेत घट्ट होतो. चालतंय.

११ जाने., रवि.

जिंकलो.

सगळं क्रमानं लिहितो, नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल.

मांडव होता, खुर्च्या, स्पीकर. नसरापूरचा एक जण माईकवर बोलायला आणलेला, त्याचा आवाज असा की बॉल पडायच्या आधी सिक्स वाटावा. मामा मांडवात पुढच्या रांगेत, गळ्यात हार. टॉसच्या आधी माळवाडीचा एक भाचा आला मैदानात, त्याचा मामा धोतर सावरत आला, खांद्यावर हात ठेवला, माईकवर "ह्यो माझा" म्हणाला, टाळ्या. मी विक्याजवळ उभा होतो. मांडवाकडं बघत होतो. मामा शेजारच्याशी बोलत होते.

"मामा?"
"तुझं झालंय," विक्या म्हणाला. "टोपी घाल. ऊन हाय."

मला वाटलं सकाळीच सांगून ठेवलं असेल मामांनी. मोठा माणूस आहे, त्यांना उठायला लावत नसतील.

आमची बॅटिंग पहिली, सहा ओव्हर, तिशीच्या थोडं वर. कमी झाले. माळवाडीवाले हसतच बॅटिंगला आले. दुसरी ओव्हर मला. तिसऱ्या बॉलला त्यांचा ओपनर, जाडा, सोन्याची साखळी, फिरवून मोकळा झाला आणि मग बॉल गेला स्टंपात. माईक ओरडला, "सुनील! सुनीलनं दांडी उडवली!"

मी हसलो. म्हटलं टी-शर्ट वाचतोय. शेवटच्या बॉलला अजून एक गेला, तो पण सुनीलनंच घेतला.

ओव्हर झाल्यावर मला मांडवाच्या बाजूला फील्डिंगला उभं केलं. बॉल तिकडं येत नव्हता, म्हणून माईकवाल्याला म्हटलं, "दादा, नाव गणेश हाय. भाचा हाय मी हितला."
तो माईकवर हात ठेवून म्हणाला, "भाचा एकच आलाय आज, माळवाडीचा. तुमच्यात गणेश कोण न्हाई. तू सुनीलच ना?"
मी मामांकडं बघितलं. चार हातांवर बसले होते. ऐकू गेलं त्यांना. हार नीट करत राहिले.

विक्या पळत आला. "काय लावलंय? खेळ गप."
"नाव दिलं न्हाईस माझं?"
"तात्या न्हाई म्हनले." तो त्याच्या बापाला तात्या म्हणतो. "कालच न्हाई म्हनले. मग काय करणार मी? आता बोलशील तर मॅच जाईल. सगळ्या वाडीची."

पुढच्या दोन ओव्हर मी नुसता उभा होतो. एक बॉल माझ्या पायातून गेला, फोर. शिव्या पडल्या, सुन्याच्या नावानं.

शेवटची ओव्हर माझी. सहा रन पाहिजेत, दोन विकेट शिल्लक. रनअपला उभा राहिलो. एक फुलटॉस दिला असता की संपलं असतं, वरच्या खाचरात. मनात होतं. खरंच होतं. पण पळायला लागल्यावर हात ऐकत नाही, हाताला फक्त बॅटवाल्याचे पाय दिसतात. पहिला सुटला. दुसऱ्यावर एक. तिसरा त्याच्या बुटाशी पडला, बॅट खाली यायच्या आत मधला स्टंप पडला. मग त्यांचा तो भाचा आला. उंच, डावखुरा. डावखुऱ्यानं ओढला की बॉल खालच्या खाचरात जातो, हे त्याला माहीत होतं, पण बॉल असा हळू हळू समोर आला तर माणूस किती वेळ आवरणार. हवेत ठेवला. त्यानं मारला. काय मारला. बॉल उंच, सगळे वर बघतायत, आणि हळूच जाऊन हरभऱ्यात.

आऊट. जिंकलो. पोरांनी मला उचललं. "सुन्या, सुन्या" ओरडत होते. ह्यातल्या प्रत्येकाला माझं नाव माहितेय. सकाळी ह्यांच्याबरोबर मिसळ खाल्ली.

आता पुढचं.

बक्षिसं मामाच्या हस्ते. बेस्ट बॉलर, सुनील. विक्यानं मागनं ढकललं. गेलो. मामानं ट्रॉफी दिली, फोटोसाठी थांबला, आणि माईक जवळ होता, तर माईकमध्ये म्हणाला, "शाब्बास सुनील. वाडीचं नाव राखलंस."

माझ्या डोळ्यात बघून म्हणाला. पापणी हलली नाही.

ट्रॉफी घरी आणली नाही. सुन्याच्या घरी आहे. लोकं बघायला येतील म्हणून.

१२ जाने., सोम.

सकाळी टेम्पो नेला. का नेला माहीत नाही. दूध थांबत नाही म्हणून.

परत आलो तर मामी एकटी. चहा दिला. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली, चुलीकडं बघत.
"तुझ्या मामाचा राग धरू नगं. भ्यालेत ते."
"मला?"
"तुला न्हाई. तुझ्या आयनं हक्क सोडल्याची सही अजून दिली न्हाई ना. तिचा हिस्सा हाय हितं, जमिनीत. तुझ्या धाकट्या दोघी मावश्यांनी कवाच सोडला. गावासमोर खांद्यावर हात ठेवला, तू हितंच राह्यलास, तर उद्या कोन तरी म्हनंल, हा बहिनीचा पोरगा, ह्याचा वाटा दाखवा."
"मग हितंच ऱ्हा कशापायी म्हनले?"
मामीनं फुंकणी घेतली, जाळ होता तरी फुंकलं. "मॅचपातूर तू ऱ्हावास म्हनून."

मला जमीन माहीतच नव्हती. आई कधी बोलली नाही. मला फक्त खोली पाहिजे होती.

विक्या अंगणात आला. मी म्हटलं, "तुला ठावं हुतं."
"मला कप ठावा हुता," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू तरी असा कुठं टिकून ऱ्हातोस? येतोस, जातोस. आमी कशाच्या भरवशावर…"

दुपारच्या एसटीनं निघालो. मामा शेतावर होता. मुद्दाम असेल.

१४ जाने., बुध.

भोर. रफीकचाचांच्या गॅरेजवर. मागं दोन महिने होतो तिथं, परत आलो की ते विचारत नाहीत, पान्हा देतात. त्यांच्या बायकोनं संक्रांतीचे तीळगूळ आणलेत शेजारनं, वाटीभर. मीच संपवले.

चाचांनी मोबाईल दाखवला. "हे बघ, वेल्ह्याकडचं पोरगं. सुनील नाव. काय हळू टाकतंय, बघ." व्हिडिओ. टोपीत तोंड दिसत नाही. पण रनअप माझा. स्वतःला मागून पळताना पहिल्यांदा बघितलं. डावा खांदा पडतो माझा, कळलंच नव्हतं. सुधारायला पाहिजे.

"तुझ्यासारखं पळतंय," चाचा म्हणाले.
"माझ्यासारखी लई पळत्यात."
चाचांनी माझ्याकडं बघितलं, मोबाईल खिशात ठेवला, आणि म्हणाले, "ब्रेक बघ त्या गाडीचे."

रात्री माझ्या मोबाईलवर परत बघितला, खाली किती जणांनी लिहिलंय. सुनीलभाऊ. सुनील किंग. सुन्यानं स्वतः पण लिहिलंय, हात जोडलेले, 'सगळ्यांचे आभार'.

आभार.

१६ जाने., शुक्र.

हिर्डोशी. शेवटची एसटी चुकली म्हणून बरंच चालत. वाटेत माकडांची टोळी बघत बसलो, त्यात एक पिल्लू होतं, सगळ्यांच्या पाठीवर आळीपाळीनं बसत होतं, कोणी हाकललं नाही. उशीर झाला.

आई नाचणीची भाकरी टाकत होती. मी विचारलं, "तुझी सही राह्यलीय म्हणं मामाकडं."
तव्यावरची भाकरी उलटली तिनं. "कोन म्हनलं?"
"मामी."
"राह्यलीय नाय. ठेवलीय."
"कशाला? आपल्याला कुठं जायचंय तिकडं कसायला?"
"थोरल्याला हे घर हाय. तुला काय हाय?"

मी मैदानातलं सगळं सांगितलं तिला. भाकरी करपली. तीच मी खाल्ली.

१८ जाने., रवि.

विक्याचा फोन. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा घेतला.

वेल्ह्याला तालुक्याची फायनल, येत्या रविवारी. त्या दिवशीच्या कपामुळं जांभूळवाडीला तालुक्यात जागा मिळाली, तिथनं फायनलला पोचली. मधल्या मॅचला सुन्या स्वतः खेळला, सुट्टी काढून, त्याची पहिलीच ओव्हर वरच्या खाचरात गेली सगळी. लोकं म्हणाली सुनीलला झालं काय. बॅटिंगवर कसे तरी जिंकले. आता माळवाडीनं तक्रार केलीय, तर फायनलला आधार कार्ड तपासणार, फोटो बघून. सुन्याच्या नावानं खेळता यायचं नाही.

"मग?"
"मग भाचा म्हनून. तुझ्या नावानं. सरळ."
"आन मामा?"
"तात्या तयार झाल्यात."

मी फोन ठेवला. आता का तयार झाला. पण खरं लिहायचं तर लगेच तसं वाटलं नाही. आधी वाटलं, माईकवर माझं नाव येईल. तिथं आई पण असेल. हे आधी वाटलं, मग राग आला. उलटं व्हायला पाहिजे होतं.

भिंतीवर बॉल टाकले. डावा खांदा वर ठेवून. हळू बॉल अजून हळू जातोय.

२० जाने., मंगळ.

दोघं आलेत. विक्याच्या गाडीवर. दारात चपला काढल्या तेव्हा आवाजावरून ओळखलं, मामाच्या वहाणा करकरतात. मी आतल्या खोलीत आहे. हिथून सगळं ऐकू येतं, मधे फळीची भिंत.

आईनं चहा टाकला. मामा म्हणाला, "अक्के, पोरगं लई गुणाचं हाय. आमी वळखलं न्हाई."
आई म्हणाली, "मी वळखते."
मामा म्हणाला, "रवारी मी सोता मैदानात जानार. हात ठेवनार. सगळ्या तालुक्यासमोर. वरची खोली हाय, टेम्पो हाय. आमचाच हाय त्यो."
मग कपबशीचा आवाज. मग पिशवीची चेन उघडल्याचा.
"तेवढं हे एक करून टाक. मग मनात कुनाच्या काय राहनार न्हाई. आज नुसती सही हितं, मग एकदा वेल्ह्याला आफिसात यायला लागंल."

विक्या नुसती बशी वाजवतोय. त्याला ठाऊक असणार. का त्याला आत्ता कळतंय, फळीतून तोंड दिसत नाही.

कागद उलगडल्याचा आवाज. मग म्हणाली, "हात ठेवशील ना पन? मागल्यावानी न्हाई?"
"शपथ अक्के."
"त्याचं नाव घ्यायचं. गनेश."
"घेनार की."

मी उठून बाहेर जायला पाहिजे. जाऊन म्हणायला पाहिजे, मला खेळायचं नाही. मला खेळायचंय. डावखुऱ्याला टाकायचा एक नवीन बॉल सापडलाय, काल, तो कोणाला तरी टाकून बघायचाय. ती सही द्यायला निघालीय ती माझ्यासाठी. एवढी वर्षं दिली नाही ती पण माझ्यासाठीच.

मामाचा पेन उमटत नाही. झटकतोय, ऐकू येतंय. विक्याकडं पेन नाही. आई म्हणाली, "घरात एकच हाय, गण्याकं."

"गण्या, पेन आन रे बाहेर."

ऐकलं नाही असं केलं.

"गण्या."

लिहितोय अजून. काय लिहू. भिंतीला खिडकी आहे, खिडकीतून घाटाकडचा डोंगर दिसतो, त्यावर कोणी तरी वणवा लावलाय दिवसाढवळ्या, धूर सरळ वर चाललाय, वारा नाही. एक कोंबडी आत आली. आई तिसऱ्यांदा हाक मारतेय, आता उठून येतेय वाटतं, तिच्या बांगड्या